चाळीस बाथचं भाडं

कमी पैशांत फिरण्यात अनिकेतचा हात धरणारा त्याच्या मित्रांत कोणी नव्हता. कोणत्या गावात कोणत्या गल्लीत स्वस्त खोली मिळते, कोणती बस पर्यटकांची आणि कोणती गावकऱ्यांची, हे त्याला निघण्याआधीच पाठ असायचं. मोबाइलमध्ये प्रत्येक प्रवासाचा एक तक्ता असे. एका रकान्यात खर्च, दुसऱ्यात बचत. समोरच्याने सांगितलेली किंमत आणि आपण दिलेली किंमत यांतला फरक तो बचतीच्या रकान्यात मांडायचा आणि रात्री झोपण्याआधी त्याची बेरीज बघायचा.

२०१९ च्या जानेवारीत त्याने बँकॉकहून कंबोडियातल्या सिएम रीपला जमिनीवरून जायचा बेत आखला. विमान तासाभरात नेतं, पण विमानाच्या तिकिटात त्याची चार दिवसांची राहण्या-खाण्याची सोय होत होती. या वेळी त्याच्याबरोबर मामाही निघाले.

मामा सातारा जिल्ह्यात एसटीचे कंडक्टर. निवृत्त झालेले, आणि मामी गेल्यापासून घर खायला उठलेलं. अंगकोर वाटच्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलंय, एका बाजूला देव, एका बाजूला असुर आणि मध्ये दोरीसारखा ताणलेला वासुकी, असं त्यांच्या गाडीत रोज बसणाऱ्या एका मास्तरांनी फार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ते त्यांच्या मनात घर करून राहिलं होतं. अनिकेत तिकडेच चाललाय म्हटल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, "येऊ का रे तुझ्याबरोबर? मला हॉटेल-बिटेल काही लागत नाही."

"तिसऱ्या वर्गाचा डबा आहे मामा. पंखे आहेत, बाकी काही नाही."

"मी सगळी नोकरी उभ्याने केली. बसायला मिळतंय ना?"

बँकॉकचं हुआ लाम्फोंग स्टेशन १९१६ साली सुरू झालेलं, उंच कमानदार छताचं. तिथून पहाटे सहाच्या आत पूर्वेची गाडी सुटते आणि दुपारच्या सुमारास सरहद्दीजवळच्या अरण्यप्रथेत गावी पोहोचते. अंतर अडीचशे किलोमीटरांहून थोडं जास्त, तिकीट ४८ बाथ. म्हणजे तेव्हाचे शंभराच्या थोडे वर रुपये. मामांनी लगेच टप्पे मोजले. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. "बेचाळीस टप्पे होतात. आपल्या साध्या गाडीला जवळजवळ तिप्पट पडले असते," ते म्हणाले आणि ते चिमुकलं तिकीट त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात उभं ठेवलं, तपासनीस आला तर चटकन दिसेल असं.

तपासनीस आलाच. त्याच्या हातात लोखंडी पंच होता. तिकिटाला भोक पाडण्याआधी त्याने तो सवयीने दोनदा हवेतच वाजवला आणि मामांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं, मग त्याच्या पंचाकडे, आणि अंगठा-तर्जनी मिटून टिकटिक केलं. तपासनिसाला कळलं. त्याने पंच त्यांच्या हातात दिला. मामांनी तो तळव्यावर तोलून बघितला, कमानीवर अंगठा फिरवला, पुढच्या बाकावरच्या आजोबांचं तिकीट त्याच पंचाने छेदलं आणि नमस्कार करून परत दिला. डबाभर लोक हसले. मग छाछोएंगसाओ गेलं, प्राचीनबुरी गेलं, उघड्या खिडक्यांतून भातखाचरं आणि धूळ आत येत राहिली. एक बाई बांबूच्या नळ्यांत शिजवलेला नारळाच्या दुधातला चिकट भात घेऊन आली. मामांनी तिने सांगितले तेवढे २० बाथ दिले.

"पंधराला दिला असता मामा," अनिकेत म्हणाला.

"दिला असता की," मामा म्हणाले, आणि नळी सोलून अर्धा भात त्याच्या पुढे धरला.

अरण्यप्रथेत स्टेशनपासून सरहद्द सहा-सात किलोमीटर. टुकटुकवाल्याने शंभर सांगितले, अनिकेतने ऐंशीवर आणले. वाटेत टुकटुक एका काचेच्या दाराच्या कचेरीपुढे थांबला. आत थंडगार हवा, सोफा, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली मंडळी, भिंतीवर कंबोडियाचा झेंडा. व्हिसा इथेच करून घ्या, पुढे मिळत नाही, असं ते सांगत होते. या प्रकाराबद्दल अनिकेतने वाचलेलं होतं. व्हिसा पूल ओलांडल्यावर कंबोडियाच्या हद्दीतच मिळायचा, त्यासाठी आधी रस्त्यात कुठे थांबायची गरज नव्हती. तो गाडीतून उतरलाच नाही. टुकटुकवाल्याने खांदे उडवले आणि त्यांना थेट सरहद्दीवर आणून सोडलं. मामांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. ती त्याने मिळवलेलीच होती.

या सरहद्दीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण विमानाने जाणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. थायलंडच्या बाजूला रोंग क्लुआ नावाचा अवाढव्य बाजार आहे, जुन्या कपड्यांसाठी आणि चपला-बुटांसाठी प्रसिद्ध. तेव्हा तिथले बरेचसे विक्रेते आणि हमाल कंबोडियाचे असत. सकाळी फाटक उघडलं की ते हजारोंनी इकडे येत, संध्याकाळी परत जात. मधल्या ओढ्यावर छोटा पूल आहे. पुलापलीकडे अंगकोरच्या शिखरांची नक्कल केलेली कमान, आणि दोन देशांच्या चौक्यांमधल्या पट्ट्यात एकापाठोपाठ एक कॅसिनो, कारण थायलंडमध्ये कॅसिनोंना बंदी आहे आणि थाई जुगाऱ्यांना आपल्या देशाच्या दारातच खेळायची सोय हवी असते. थायलंडची वाहतूक डावीकडून चालते, कंबोडियाची उजवीकडून. ती बाजू इथेच बदलते. आणि या सगळ्याच्या मधून हातगाड्या चाललेल्या असायच्या. माणसाच्या दुप्पट उंचीचे गठ्ठे रचलेल्या गाड्या एक जण पुढून ओढायचा, दोघं मागून रेटायचे. हे ट्रकच्या आकाराचं ओझं माणसाच्या पोटऱ्यांवर सरहद्द ओलांडायचं.

थायलंडचा निर्गमनाचा शिक्का मारून दोघं बाहेर आले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मामांचा उजवा गुडघा रेल्वेच्या बाकावर आखडला होता. बॅगा दोन, आणि मामांची जड, कारण तिच्यात थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू होते. तेवढ्यात एक बाई हातगाडी घेऊन शेजारी आली. चाळिशीच्या आतबाहेरची, डोक्याला चौकड्यांचा पंचा गुंडाळलेला, ख्मेर लोक ज्याला क्रामा म्हणतात तो. गाडी परतीची होती, अर्धी रिकामी, चार-पाच पोती तेवढी मागे बांधलेली. तिने बॅगांकडे बोट दाखवलं, पुढच्या कमानीकडे दाखवलं आणि चार बोटं वर करून मग मूठ मिटली. चाळीस.

अनिकेतने दोन बोटं दाखवली.

तिने मान हलवली. मामांची बॅग हाताने जराशी उचलून, वजन बघा, अशी खूण केली आणि पुन्हा चार बोटं. अनिकेतने दोन्ही बॅगा खांद्याला लावल्या आणि चालू लागला. हा त्याचा नेहमीचा डाव. दहा पावलं जायचं, मागे बघायचं नाही. बाईने इकडेतिकडे पाहिलं. आणखी दोन रिकाम्या गाड्या पुलाकडे येत होत्या. तिने हाक मारली आणि दोन बोटं वर केली.

बॅगा गाडीवर गेल्या. मामा गाडीच्या बाजूने चालत होते. दांड्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. तळवा जिथे पडतो तिथे रबर झिजून गेलं होतं आणि आतलं लाकूड तेल लावल्यासारखं चकचकत होतं. जुन्या मोटारीच्या सीटबेल्टचा पट्टा करून तिने तो खांद्यावरून आडवा घेतला होता. पुलाच्या चढावर ती पट्ट्यात पुढे झुकली तेव्हा दोन्ही टाचा जमिनीवरून सुटल्या आणि सगळा भार चवड्यांवर आला. मामांनी न बोलता मागून फळीला हात लावला.

"चाळीस म्हणजे आपले किती होतात रे?"

"नव्वदच्या आसपास. पण मुद्दा पैशांचा नाही मामा. परका माणूस बघितला की दुप्पट सांगतात."

मामा गप्प राहिले. व्हिसाच्या कचेरीपाशी बॅगा उतरल्या. अनिकेतने दहा-दहाची दोन नाणी दिली. बाईने ती कमरेच्या कापडी पिशवीत टाकली आणि गाडी वळवून गेली. अनिकेतने तिथेच उभ्याउभ्या तक्ता उघडला. खर्च २०, बचत २०.

व्हिसाच्या खिडकीवर मोठी पाटी होती. पर्यटक व्हिसा, ३० डॉलर. २०१४ च्या ऑक्टोबरपासून हाच दर चालू होता. दोघांचे फॉर्म भरलेले, फोटो लावलेले, नोटा कोऱ्या करकरीत, कारण जराशी फाटकी किंवा शाई लागलेली डॉलरची नोट कंबोडियात कोणी घेत नाही हे अनिकेतला माहीत होतं. सगळी तयारी चोख होती.

खिडकीशेजारी साध्या शर्टातला एक माणूस उभा होता. त्याने पासपोर्ट घेतले, चाळले आणि म्हणाला, "साठ डॉलर, अधिक चारशे बाथ." माणशी दोनशे.

अनिकेतचा हात पाकिटाकडे गेलासुद्धा. चारशे बाथ म्हणजे जवळजवळ नऊशे रुपये. टुकटुकवाल्याशी वीस बाथसाठी पाच मिनिटं घालणारा, हातगाडीवालीपासून दहा पावलं निघून जाणारा हा मुलगा इथे नोटा मोजू लागला होता, तेही घाईघाईने. त्या माणसाच्या हातात पासपोर्ट होते, पाठीमागे खिडकी होती, खिडकीत गणवेश होता. अनिकेतच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मामांनी आयुष्यभर शेकडो चेहऱ्यांवर पाहिलेलं होतं.

त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "चारशे कशाचे?"

"असंच असतं मामा इथे. सगळे देतात. वेळ वाचतो."

"कशाचे ते विचार तर."

त्या माणसाने सांगितलं, जलद सेवेचे.

"मग पावती देतो का ते विचार."

पावती नाही म्हणाला. तेव्हा मामांनी आपल्या हातातल्या साठ डॉलरच्या नोटा पाटीसमोर धरल्या, पाटीवरच्या तीसच्या आकड्यावर बोट ठेवलं, मग दोन बोटं दाखवली आणि हसले. नऊ तासांच्या ड्युटीत शेवटच्या थांब्यावरही प्रवाशाशी बोलताना कंडक्टरला जे हसू जपावं लागतं, ते. माणूस वैतागून बाजूला झाला, पासपोर्ट त्याने कठड्यावर टाकले. मामांनी ते उचलले, कपाळाला लावले आणि थेट खिडकीपुढे जाऊन उभे राहिले. "पावती असेल तर देतो," एवढं एकच वाक्य त्यांनी भाच्याकडून इंग्रजीत पाठ करून घेतलं होतं. आवाज चढवला नाही. कोणाला नावं ठेवली नाहीत. फक्त हलले नाहीत.

युरोपातली दोन तरुण मुलं आली, जास्तीचे पैसे देऊन पाच मिनिटांत गेली. एक कुटुंब आलं, गेलं. अनिकेत खुर्चीवर बसून घड्याळ बघत होता. एकदा तो उठून म्हणाला, "मामा, नऊशे रुपयांसाठी आपण अख्खी दुपार घालवतोय." मामा म्हणाले, "तुला घाई आहे का? अंगकोर आठशे-नऊशे वर्षं उभं आहे. आज रात्री काही पडत नाही."

सुमारे तासाभराने खिडकीतल्या माणसाने हात बाहेर काढला. पासपोर्ट घेतले, साठ डॉलर घेतले, मोजले. पानभर मोठे दोन व्हिसा चिकटवले, शिक्के मारले आणि पासपोर्ट परत दिले. कोणी काही बोललं नाही. पुढच्या खिडकीत बोटांचे ठसे झाले, प्रवेशाचा शिक्का बसला आणि दोघं पोयपेटच्या रस्त्यावर आले.

आता अनिकेतला भलताच आनंद झाला होता. "मामा, तुम्ही म्हणजे कमाल केलीत. चारशे वाचवले. या प्रवासातली सगळ्यांत मोठी बचत." त्याने मोबाइल काढला आणि बचतीच्या रकान्यात ४०० भरले. बेरीज फुगली.

मामा रस्त्याकडेच्या टपरीवर टेकले. उसाचा रस घेतला. रसवालीने डॉलरच्या नोटेवर सुटे म्हणून कंबोडियाच्या रिएलच्या नोटा परत दिल्या. अमेरिकेची नाणी तिथे चालत नाहीत. एका डॉलरचे साधारण चार हजार रिएल धरतात आणि सगळी मोड रिएलमध्ये होते. पोयपेटमध्ये तर तेव्हा बाथ, डॉलर आणि रिएल तिन्ही चालायचे. रसवालीने तोंडातल्या तोंडात तिन्हींचा हिशेब केला आणि नोटा पुढे सरकवल्या. मामांनी त्या दोनदा मोजल्या आणि मान डोलावली. मग म्हणाले, "दाखव बघू तुझा तक्ता."

अनिकेतने दाखवला. मामा बोट सरकवत वाचत गेले. टुकटुक, बचत २०. हातगाडी, बचत २०. व्हिसा, बचत ४००.

"हे हातगाडीचे वीस आणि हे व्हिसाचे चारशे एकाच रकान्यात कसे?"

"दोन्ही वाचलेच ना?"

मामांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"मी नोकरीला नवा होतो. बाजाराच्या दिवशी आमची गाडी अशी भरायची की पुढून मागे जायला दोन थांबे लागायचे. मागच्या सीटजवळ भाजीच्या पाट्या घेऊन बायका बसायच्या. एक म्हातारी होती. तिकिटाला आठ आणे कमी पडत होते तिला. मी तिला भर गाडीत बोललो. पैसे नाहीत तर गाडीत चढता कशाला, वगैरे. आठ आणे बुडाले तर ते माझ्या खिशातून भरायचे असतात, ते खरं होतं. पण त्याच गाडीत पुढच्या सीटवर तालुक्याच्या एका मोठ्या माणसाचा माणूस बसला होता. तो रोज बसायचा. त्याने कधी तिकीट काढलं नाही आणि मी कधी मागितलं नाही. म्हातारी बोलली नाही, रडली नाही. तिने फक्त विचारलं, 'कंडक्टर, त्या म्होरच्याचं तिकीट फाडलंस का रं आधी?'"

मामा थोडे थांबले.

"अख्खी गाडी गप्प झाली. मी पुढे गेलो. पंच वाजवला. त्याचं तिकीट फाडलं आणि पैसे घेतले. मग मागे येऊन म्हातारीचं फाडलं आणि आठ आणे माझ्या पिशवीत माझे टाकले. पुढचे सहा महिने मला मुक्कामाची गाडी लागली. रोज कुठल्या तरी खेड्यात गाडीतच झोपायचं. तुझी मामी तेव्हा बाळंतपणाला आलेली. सोपं गेलं नाही. पण पुन्हा त्या माणसाने फुकट प्रवास केला नाही."

अनिकेत काही बोलला नाही.

"आज त्या खिडकीपाशी तू पाकीट काढलंस," मामा म्हणाले. "तिथे पाटी लावलेली होती, दर छापलेला होता, तुझं सगळं खरं होतं. आणि पुलावर त्या बाईकडे पाटी नव्हती. तिच्याकडे फक्त सांगायचं तोंड होतं. तिथे तू पाठ फिरवून दहा पावलं गेलास. तुला दोन्हीकडे पैशांचीच काळजी होती असं वाटत असेल, तर पुन्हा आठवून बघ."

मला या गोष्टीतलं हे ठिकाण फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं माझं. घासाघीस वाईट नाही. बाजार घासाघिशीवर चालतो, आणि दुप्पट सांगणारेही असतातच. टुकटुकवाल्याशी झालेला व्यवहार दोन सारख्या माणसांचा होता. त्यानेही आपला डाव टाकला, यानेही टाकला. पण आपल्यापैकी पुष्कळ जण सरकारी टेबलापाशी खिसा मुकाट्याने रिकामा करतात आणि तो राग कोथिंबिरीच्या जुडीवर काढतात. घराच्या कराराच्या वेळी वरचे पाच हजार न बोलता जातात आणि मोलकरणीचे दोन खाडे मात्र पगारातून कापले जातात. ज्याच्यापुढे आपण हरतो त्याचं भरपाईचं बिल आपण भलत्याच्याच नावावर फाडतो. अनिकेत वाईट मुलगा नव्हता. त्याने फक्त कधी बघितलं नव्हतं की त्याची बचत कुणाकडून येते.

रस संपला. समोर, चौकाच्या पलीकडच्या गुदामापाशी तीच बाई पोती उतरवत होती. अनिकेत उठला. तिच्यापुढे जाऊन त्याने शंभराची नोट काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तिला काही कळेना. तिने बॅगांसाठी इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा काही न्यायचंय असं तिला वाटलं. अनिकेतने नकारार्थी मान हलवली, पुलाकडे बोट दाखवलं, आणि मग चार बोटं वर करून मूठ मिटली.

तिचा चेहरा बदलला. तिने नोट घेतली. कमरेची पिशवी सोडली, आत बोटं घातली आणि हिरव्या रंगाच्या वीस-वीसच्या नोटा एकेक करून त्याच्या तळव्यावर ठेवायला लागली. एक, दोन, तीन, चार. ऐंशी. भाडं चाळीस ठरायला हवं होतं, वीस मिळाले होते, वीस राहिले होते. अनिकेतने नोटा परत तिच्याकडे सरकवल्या, राहू दे म्हणून. तिने त्याची मूठ आपल्या हाताने मिटवली, जराशी दाबली आणि पुढचं पोतं उचललं.

मामा लांबून बघत होते. एसटीत सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो, उतरताना घ्या म्हणतो. कित्येक प्रवासी विसरून उतरतात. मामा अशांना दुसऱ्या दिवशी शोधून पैसे द्यायचे आणि लोक हसायचे. अनिकेत परत आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हिशेबाची आहे बाई."

सिएम रीपपर्यंत दीडशे किलोमीटर. आधी सिसोफोन, मग सहा नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाने पूर्वेला. ते एका सामायिक टॅक्सीत बसले. टॅक्सी म्हणजे जुनी टोयोटा, मागे चौघं, पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं. मागच्या सीटवर इंग्रजी बोलणारे एक शिक्षक होते, सिसोफोनचे. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की ते लहान असताना याच रस्त्याने परत आले होते. ख्मेर रूजची राजवट १९७९ मध्ये कोसळल्यावर लाखो लोक थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत अडकले. त्यांतली खाओ-ई-दांग ही अरण्यप्रथेतजवळचीच. पॅरिसच्या शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रांनी त्यांना परत आणायला सुरुवात केली आणि पहिला ताफा ३० मार्च १९९२ रोजी पोयपेटच्या पुलावरून आला. वर्षभरात तीन लाख साठ हजारांच्या आसपास माणसं परतली. शेती द्यायचं ठरलं होतं, पण सीमेलगतची जमीन सुरुंगांनी भरलेली. ऐंशीच्या दशकात थायलंडच्या सीमेवर सुरुंगांचा पट्टाच पेरला गेला होता. "मग माणसं काय करणार?" शिक्षक म्हणाले. "पुलावर आली. तिथे निदान ओढायला गाडी होती."

मामांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्यांना दिला. सिसोफोनला शिक्षक उतरले. ड्रायव्हरने माणशी दहा डॉलर घेतले. अनिकेतने घासाघीस केली नाही. शेजारचे प्रवासीही तेवढेच देत होते हे त्याने आधी बघून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते अंगकोर वाटला गेले. समुद्रमंथनाची भिंत जवळजवळ पन्नास मीटर लांब आहे. मामा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. ओढणाऱ्या असुरांच्या आणि देवांच्या पोटऱ्यांवरचे ताण दगडात दिसतात. मामा बराच वेळ त्या पोटऱ्याच बघत होते.

त्या प्रवासानंतर अनिकेतच्या तक्त्यात बचतीचा रकाना राहिला नाही. खर्चाचा आहे. तो अजूनही स्वस्तातच फिरतो, अजूनही विमान सोडून रेल्वे धरतो. फक्त आता त्याच्या तक्त्यात एक रकाना असा आहे की, कोणी पावतीशिवाय पैसे मागितले तर तिथे काय झालं ते तो लिहितो. त्यात एक-दोनदा त्याने पैसे दिलेलेही आहेत, आणि तेही लिहिलेलं आहे.

पोयपेटचं फाटक २०२५ च्या जूनमध्ये थायलंडने बंद केलं. दोन देशांतला सीमेचा जुना वाद पेटला, जुलैत पाच दिवस तोफा चालल्या, डिसेंबरात पुन्हा लढाई झाली. थायलंडमध्ये काम करणारे लाखो कंबोडियन मजूर घरी परतले आणि पुलावरच्या हातगाड्या थांबल्या. ज्या गावाचं पोट येणाऱ्या-जाणाऱ्यावर आहे, त्या गावासाठी बंद फाटक म्हणजे बंद चूल. सीमा पुन्हा पूर्ववत उघडली आणि तुम्ही बँकॉकहून अंगकोरला निघालात, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी या रस्त्याचा विचार करा. सकाळची गाडी पकडा आणि पूल चालत ओलांडा. सामान न्यायला तिथे कोणी ना कोणी उभं असेल.